लाल पेनाची कमान

गेल्या गुरुवारी डिपार्टमेंटला दोन कामं एकदम आली, मिरजेहून चाचा तंबोऱ्यांची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, काढायला आले आणि माझं एम.ए.चं लेक्चर होतं, विद्यापीठात संगीत आलं कसं यावर. दुसरी खोली रिकामी नव्हती म्हणून चाचा वर्गातच कोपऱ्यात सतरंजीवर बसले, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस चालू.

मी बडोद्यापासूनच सुरू करते. १८८६ ला सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढून गायक मौलाबख्शांच्या हाती दिली, त्यांनी स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत, बसवली, पुस्तकं केली, कारण वर्गभर पोरांना एकदम शिकवायचं तर काहीतरी लिहून द्यावंच लागतं ना. १९४९ ला तिथं विद्यापीठ झालं आणि ही शाळा पुढं त्यात गेली, म्हणजे शाळाच ६३ वर्षांनी थोरली! मग आपलं कोल्हापूर. थोर गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी, तालीम सगळी समोर बसवून, स्वतःचं रेकॉर्डिंगसुद्धा त्यांनी होऊ दिलं नाही.

एक मुलगा म्हणाला, मॅडम, खरी विद्या तीच, वहीत लिहून गाणं येत नाही. मीही अशा वेळी मान डोलवत आलेय. पण मागून एक मुलगी उभी राहिली, भुदरगडकडची, घरात गाणारं कुणी नाही, गावात भजनी मंडळाची पेटी तेवढी.

"मॅडम, लिहिलेलं नसतं तर मला कुणी शिकवलं असतं?"

आणि तिनं शाळेतली वही काढली, शंभरपानी, कडा पार मऊ झालेल्या. भूप रागाचे स्वर पुस्तकातून उतरवलेले, आणि पंचमावरून गंधारावर येताना मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची, कमान लाल पेनानं, कुठं उंच, कुठं पसरट. म्हणाली, पुस्तकात सगळ्या सारख्याच होत्या, सांगली आकाशवाणीवर ऐकून ऐकून मी बदलल्या.

कानस थांबली होती. चाचांना स्वरलिपी वाचता येत नाही, तरी वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

"ही पसरट कशी म्हणतीस, गा बघू बाळ."

त्यांनी तारेखाली दोरा सरकवला, तंबोरा बोलायला लागला आणि ती गायली. तीनदा घेतली तिनं ती जागा, दर वेळी चाचा दोरा केसभर पुढंमागं करत होते, वर्गात चकार शब्द नाही. पुढचा तास बुडाला, बुडू दे.

त्या पानाची झेरॉक्स काढून मी बडोद्याच्या नोट्समध्ये लावलीय.