कवय येई?

आज शेवटचा कापूस गेला. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून मागची खोली भरून ठेवली होती. गाडी निघाल्यावर आप्पांनी स्वतः खोली झाडली, मला हाक मारली आणि म्हणाले, "हाई खोली तुना कॉम्प्युटरले. तुना खेय कवय येई?"

माझा गेम कधी येणार, हे मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सांगणार तरी काय? मी वाट पाहतोय त्या जीटीए सिक्स या गेमचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. तेव्हा २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. तीही तारीख प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या कन्सोलची. पीसीचं नावच नाही. जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, आमच्या पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडला. त्याच कंपनीचा रेड डेड रिडेम्प्शन टू ऑक्टोबर २०१८ चा, तो नोव्हेंबर २०१९ मध्ये मिळाला. त्या चालीने माझ्या हातात यायला २०२७ संपेल, नाहीतर २०२८. पुण्यातली पोरं दिवाळीनंतर खेळून मोकळी होतील आणि मी शेवट कळू नये म्हणून ग्रुप म्यूट करून बसणार. आपल्या वाट्याला सगळं उशिराच का येतं, कोण जाणे.

दादा म्हणतो, मग कन्सोल घे. मला कॉम्प्युटर कामालाही लागतो, हे त्याला किती वेळा सांगायचं.

जळगावच्या गोलाणी मार्केटला जाऊन नव्या पीसीचं कोटेशन आणलं होतं. दुकानदार म्हणाला, भाऊ, हा रॅमचा आजचा भाव, उद्याचं विचारू नका. खोटं नाही त्याचं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आहे. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर फाइव्ह, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमच्या किमती दुपटीच्या वर गेल्या. थांबावं तर भाव चढेल ही भीती. आज घ्यावं तर गेम येईपर्यंत ग्राफिक्स कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी निम्मी सरलेली. शिवाय गेमला ८ जीबीचं कार्ड पुरेल की १६ लागेल, हे कंपनीने अजून सांगितलेलंच नाही.

हा हिशेब मला येतो. आप्पांच्या प्रश्नाचं मात्र काय करू? आजवर घरात माझ्या गेमचं कुणी नाव काढलं नव्हतं. त्यांनी तारीख विचारली, पेरणीची विचारावी तशी. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. आज गाडीवाल्याने काय दिलं, हे मी विचारलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई येणार, तिच्या साडीचोळीसाठीही विकला असेल. खोलीसाठी नसावा. नसावाच.

संध्याकाळी जुना पीसी खोलीत नेऊन लावला. जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, चार जीबी. या उन्हात पंखा नुसता घोंघावतो, पण सुरू होतो. खिडकीमुळे इथे वारा तरी लागतो. बराच वेळ खेळलो आणि खरं सांगायचं तर मजा आली. याच्यावर अजून दीड-दोन वर्षं निघतील. नवीन एसएसडी टाकली की कामही पळेल. आणि व्होल्टेज असं खाली-वर होत असताना महागडं कार्ड लावण्याआधी चांगला यूपीएस हवाच.

तर ठरलं. पीसीची तारीख जाहीर होईल, किमान काय लागतं ते छापून येईल, तेव्हाच पैसे काढायचे. रॅम महाग पडली तर पडली, १६ जीबीवर भागवू. मेच्या अखेरीस बागायती कापूस लावायचा आहे आणि ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या आहेत. आप्पा त्याबद्दल काही बोलत नाहीत. आखाजी झाली की धरणगावला जाऊन नळ्या मीच घेऊन येतो.