कॅप्चर लॉग, भाग 4: वजा करून उरलेला आवाज

मंडळी, माझ्या गिटार अ‍ॅम्पची सॉफ्टवेअर नक्कल (मॉडेल) बनवतोय, तिलाच कॅप्चर म्हणतात. मागच्या वेळी ईएसआर, म्हणजे मॉडेल खऱ्या आवाजापासून किती चुकतं तो आकडा (जितका कमी तितका चांगला), 0.07 वर अडकला होता. सेटअप तोच, 15 वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प, समोर एसएम57 माइक, मॉडेल बनवायला न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर, ट्रेनिंग गूगलच्या कोलॅबवर. पाम म्यूट केलं (तळहाताने तारा दाबून वाजवलं) की मॉडेल गढूळ वाटायचं आणि वरच्या तारांवर एक खरखर यायची जी खऱ्या अ‍ॅम्पमध्ये नाहीच.

यावेळी आकडा सोडून दिला आणि फरक ऐकला. म्हणजे माइकचं रेकॉर्डिंग एका ट्रॅकवर, तोच डीआय (अ‍ॅम्पमध्ये जाणारा कोरा सिग्नल) मॉडेलमधून काढून दुसऱ्या ट्रॅकवर, दोन्ही सॅम्पलला सॅम्पल जुळवले आणि एकाची पोलॅरिटी उलटी केली (लाट वरची खाली), मग मॉडेलला जे जमलं ते कटतं आणि जमलं नाही तेवढंच उरतं. हेडफोन लावले तर माझी खोलीच ऐकू आली! नोट तोडली की मागून भिंतीवरून येणारी शेपटी, आणि खाली 50 हर्ट्झचा हम.

शेपटी येणारच होती, माइक कॅबपासून (स्पीकरच्या पेटीपासून) वीतभर लांब ठेवला होता. स्टँडर्ड मॉडेल 48 किलोहर्ट्झला मागचे 4093 सॅम्पल (आवाजाची एकेक मोजमापं) बघतं, म्हणजे जेमतेम 85 मिलिसेकंद, त्याच्या पलीकडून आलेला प्रतिध्वनी त्याला कळणार कुठून. माइक ग्रिलपासून दोन बोटांवर आणला, कॅबमागे गादी उभी केली, बाजूंना रजया. हम ग्राउंड लूपचा (अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्याचा) निघाला, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं आणि गेला.

तरी रेप्लिकेट चेक फेल! ट्रेनिंगच्या फाईलमध्ये एकच तुकडा सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा येतो, दोन्ही वेळचा आवाज जुळला नाही तर अ‍ॅम्पच स्वतःशी जुळत नाहीये, मग मॉडेल बिचारं काय शिकणार. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या, अ‍ॅम्प चालू करून पाचच मिनिटांत रेकॉर्ड करत होतो आणि डोक्यावर पंखा चालू. आता अर्धा तास अ‍ॅम्प तापवतो, पंखा बंद, घामाघूम होतो पण चेक पास. ईएसआर थेट 0.009.

आणि मग गिटार लावली तर गेन जास्त, आवाज खऱ्या अ‍ॅम्पपेक्षा जास्त फाटतो! हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण ईएसआर हे कधीच सांगणार नाही. मॉडेल अगदी बरोबर शिकलं होतं, पण रीअँप बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला सिग्नल अ‍ॅम्पला देणारा डबा) मी अ‍ॅम्पला गिटारपेक्षा मोठा सिग्नल पाजत होतो. माझ्या इंटरफेसचं (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) इन्स्ट्रुमेंट इनपुट कमीत कमी गेनवर 12 डीबीयूला (व्होल्टेजचं डेसिबल माप) फुल स्केल, म्हणजे डिजिटलची कमाल पातळी, गाठतं, म्हणजे साधारण 3.1 व्होल्ट. म्हणून फुल स्केलला अ‍ॅम्पलाही तेवढेच व्होल्ट मिळायला हवेत. फुल स्केलची 400 हर्ट्झची साइन (शुद्ध सूर) सोडून, अ‍ॅम्पमधून केबल काढून तिच्या टोकाला मल्टिमीटर एसीवर लावला तर 5 व्होल्ट, म्हणजे 4 डीबी जास्त. बॉक्सचा नॉब 3.1 पर्यंत खाली आणला, पुन्हा कॅप्चर केलं, आणि गिटारचा व्हॉल्यूम 7 वर आणला की मॉडेल आता अ‍ॅम्पसारखंच क्लीन होतं. तासभर नुसता वाजवतच बसलो!

आता वजाबाकीत क्लीन आवाजाला फक्त हिस (बारीक सुसू आवाज) उरतो. जाड ई तारेवर जोरात मारलं की थोडं काहीतरी अजून राहतंय, मला पॉवर सप्लायचा सॅग (जोरात वाजवल्यावर अ‍ॅम्पचं व्होल्टेज खाली बसणं) वाटतोय. शनिवारी मास्टर व्हॉल्यूम खाली आणून तोच रिफ परत कॅप्चर करणार आहे, तेव्हा ते कमी झालं तर तोच.