खरखर नसलेला सेट

गाडीतल्या वायरलेस सेटची तक्रार आली म्हणून मला बोलावलं. तक्रार खरखरीची नव्हतीच, रेंजची होती. देवगड ते आचरा या पट्ट्यात फिरणारी एका सरकारी खात्याची बचाव जीप. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर असली की कंट्रोल रूमशी व्यवस्थित बोलणं व्हायचं, खाली खाडीकाठच्या वाडीत उतरली की गप्प. कंट्रोल हाका मारतंय आणि गाडीला पत्ता नाही. "हय रेंजच नाय ओ," ड्रायव्हरकाकांनी मला सुरुवातीलाच सांगून टाकलं. खात्यातही सगळ्यांनी ते केव्हाच मान्य केलं होतं. कोकणात हे उत्तर फार सहज खपतं. डोंगर आहे, झाडी आहे, रेंज नसायचीच.

पण त्याच वाडीत, गाडीपासून लांब कलमांच्या बागेत उभा राहिलो, तर माझ्या हातातल्या छोट्या सेटवर कंट्रोल स्पष्ट ऐकू येत होतं. छपरावर एरिअल असलेली गाडी बहिरी आणि हातातला सेट ऐकतोय. मग दोष डोंगराचा कसा?

लॅपटॉप जोडून सेटचं प्रोग्रामिंग वाचलं. स्क्वेल्च शेवटच्या पायरीवर! एफएम सेटवर सिग्नल नसताना जो फसफस आवाज येतो तो बंद ठेवायचं काम स्क्वेल्चचं. पुरेसा सिग्नल आला तरच तो स्पीकर उघडतो. आधी कुणालातरी या गाडीत खरखर येते म्हणून बोलावलं गेलं होतं आणि त्याने स्क्वेल्च आवळून ठेवला होता. खरखर गेली, बिल निघालं, आणि कमजोर सिग्नलही खरखरीबरोबर बाहेरच राहिला. याला मी दुरुस्ती म्हणत नाही. ज्या सेटवर माणसं पुरात एकमेकांना शोधणार, त्याच्या बाबतीत ही गुन्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे.

स्क्वेल्च मूळ जागी आणला आणि काकांना गाडी चालू करायला सांगितलं. इंजिनावर विशेष काही नाही. छपरावरचा एलईडी लाइटबार लावला आणि सेट घर्रर्र करून उघडला. "बघा, दिवे लावलंय की येता, बंद केलंय की जाता," काका म्हणाले. त्यांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तरी अंदाजावर वायर कापायच्या नसतात. एरिअलची केबल काढून सेटला 50 ओहमचा डमी लोड लावला, म्हणजे एरिअलच्या जागी बसणारा पण हवेतलं काही न पकडणारा रेझिस्टर. आवाज गेला. म्हणजे ही विजेची घाण बॅटरीच्या वायरीतून येत नव्हती, हवेतून एरिअलवर पडत होती. मग फ्यूज एकेक काढत गेलो. डॅशकॅमचा थोडा वाटा, मोबाइल चार्जरचा त्याहून थोडा, बाकी सगळा लाइटबारचा. एलईडीला करंट देणारं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचे पडसाद थेट 150 मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात. हा सेट टेबलावर 0.25 मायक्रोव्होल्टला 12 डीबी सिनॅड देत होता, म्हणजे एवढ्याशा सिग्नललाही बोलणं कळण्याइतकं ऐकत होता. गाडीत, दिवे लावून, तेवढंच ऐकायला त्याला दसपट सिग्नल लागत होता. सड्यावर तेवढा मिळतो, वाडीत नाही.

आता बसवणाऱ्याची करामत बघा. एरिअल आणि लाइटबार एकाच कॅरिअरवर, हातभर अंतरावर. कॅरिअर रंगवलेला आणि रबरी पॅडवर बसवलेला, म्हणजे एरिअलला छपराच्या पत्र्याची अर्थ (ग्राउंड) जवळपास नाहीच. लाइटबारला एकच वायर प्लसची, परतीचा रस्ता कॅरिअरच्या बोल्टमधून. ते बोल्ट खाऱ्या हवेने असे धरले होते की पाना लावताच लाल पापुद्रे हातात आले. परतीचा करंट जमेल तिथून वाट काढत होता आणि अख्खा कॅरिअर एरिअलसारखा घाण फेकत होता.

एरिअल छपराच्या मधोमध हवं, भोक पाडून, खालचा पत्रा चकचकीत घासून. साहेब म्हणाले, "पावसात गळेल." इथल्या पावसात ही भीती खरी आहे, म्हणून त्यांना गॅस्केट आणि सीलंट दाखवलं, वर पाण्याचा पाइप धरून दाखवला, तेव्हा सही मिळाली. लाइटबारला बॅटरीपासून दोन वायरी, एकमेकींना पीळ देऊन, आणि दिव्याजवळ अशी घाण अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यातून फिरवून नेल्या. बराच फरक पडला, पण मला पुरेना. शेवटी लाइटबारच बदलायला लावला, सीआयएसपीआर 25 प्रमाणे, म्हणजे गाडीतल्या रेडिओला त्रास होऊ नये यासाठीच्या मानकाप्रमाणे, तपासलेला घ्यायला लावला. कंपनीतून निघणारी गाडी अशा चाचण्यांतून जाते, पण नंतर छपरावर काय चढतं ते कुणी तपासत नाही.

एक शिट्टी उरली होती. ती गाडीत नाही, कंट्रोलला ऐकू यायची. जीप बोलायला लागली की मागे कीं आवाज, रेस वाढवली की तोही चढायचा. ही आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची खूण. सेटचा प्लस डॅशबोर्डमधल्या सिगारेट लायटरवरून घेतला होता. तो थेट बॅटरीवर नेला, बॅटरीलगत फ्यूज टाकला. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी हिरवी पडून तारा तुटायला आल्या होत्या, तिच्या जागी नवी विणलेली पट्टी लावली आणि तिची टोकं (लग) ग्रीसखाली झाकली.

त्या वाडीत परत गेलो. सगळे दिवे लावून, इंजिन चालू ठेवून, कंट्रोलचा शब्द न् शब्द आला. काका काही बोलले नाहीत, फक्त माइक उचलून पुन्हा एकदा हाक देऊन पाहिली.

माझ्या डोक्यातून मात्र कंट्रोलची वही जात नाही. त्यात कितीतरी नोंदी: जीपला हाक दिली, उत्तर नाही. शेरा, रेंज नाही. गावांची नावं बघितली तर सगळी खाडीकाठची. त्या हाका कशासाठी होत्या ते लिहिलेलं नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा मोबाइल बंद पडले होते. अशा दिवशी कुणालाही हाच सेट उरतो. याच खरेदीतले लाइटबार खात्याच्या इतर गाड्यांवरही आहेत. त्या सगळ्या दिवे लावून तपासा आणि प्रत्येकीच्या स्क्वेल्चची पायरी लिहून ठेवा, असं पत्र दिलंय. उत्तर आलेलं नाही, आणि पाऊस तोंडावर आलाय.