दिलगीर आहोत

परवा दुपारी पेपर चाळताना आतल्या पानावरच्या एका चौकटीवर नजर अडली. कालच्या अंकात छायाचित्राखालची नावं उलट्या क्रमानं छापली गेली होती, त्याबद्दल दिलगिरी. दोन ओळी. वर हवामान, खाली गाद्यांची जाहिरात. मला अशा दोन ओळींत जो रस असतो तो अग्रलेखातही नसतो. काल डावीकडून पहिला होता तो गृहस्थ आज उजवीकडून पहिला झाला होता. कात्रणं तर कालच वाटून झाली असणार!

हा नाद आजोबांचा. ते चूकदुरुस्ती नुसती वाचून थांबत नसत. रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी सोडायची, आदला अंक उपसायचा, ती ओळ बोटानं शोधायची आणि तांबड्या पेन्सिलीनं चुकीच्या शब्दावर काट मारून वर बारीक अक्षरात बरोबर शब्द लिहायचा. मग अंक पुन्हा गठ्ठ्यात. "अहो, रद्दी कोण वाचणार आहे?" आजी विचारायची. "न वाचेना. आपल्या घरातून चुकीचं बाहेर जायला नको." आणि हेच आजोबा वादात हरायला लागले की "छापून आलंय!" म्हणून विषय संपवायचे. तेव्हा मला याची गंमत वाटायची. आता वाटतं, तो ठसका त्या पेन्सिलीच्या जोरावरच होता.

चूकदुरुस्तीच्या प्रांतातही अभिजात म्हणाव्यात अशा चिजा आहेत. न्यूयॉर्क टाइम्सनं १९२० साली रॉबर्ट गोडार्ड या रॉकेट-संशोधकाची अग्रलेखातून टर उडवली होती. निर्वात पोकळीत रॉकेट चालेल कसं, शाळेतल्या पोराला कळतं ते या प्राध्यापकाला कळू नये? अपोलो ११ चंद्राकडे निघालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्याच वृत्तपत्रानं आपली चूक छापून मान्य केली. गोडार्ड १९४५ मध्येच वारले होते. याच वृत्तपत्राचा अंक-क्रमांक १८९८ मध्ये कुणाच्या तरी बेरजेत एकदम ५०० नं पुढे उडाला आणि १ जानेवारी २००० ला मागे आणला गेला. शंभरावर वर्षं रोज पहिल्या पानावर चूक, आणि कुणाचं काही अडलं नाही. मला ही दुसरी जास्त आवडते. तिच्यात कुणी दुखावलं नाही.

छापील चुकीचं एक बरं होतं, ती पळून जाऊ शकत नव्हती. फोनवर सकाळी वाचलेला मथळा दुपारी बदललेला असतो. ‘ठार’चे ‘जखमी’ होतात, ‘आरोप’ आपसूक ‘चर्चा’ होतो, वर फक्त ‘अपडेटेड’ एवढं लिहिलेलं. काय बदललं, का बदललं, विचारायची सोय नाही. काही ठिकाणी खाली प्रामाणिकपणे टीप देतात, नाही असं नाही. पण सकाळी वाचून पुढे ढकलणारा दुपारी ती टीप बघायला परत येतो थोडाच? माध्यमांवर आता कुणाचा विश्वास उरला नाही, असं आपण म्हणतो आणि त्याच दमात कुठून तरी आलेला मजकूर चार जणांना पाठवतो. पेन्सिल हातात घ्यायचा कंटाळा दोन्हीकडे सारखाच.

आणि चौकटीत येतं तरी काय? आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ, तारीख, फोटोतला क्रम. तिथे दिलगिरीला काही पडत नाही. पण एखाद्याला अटक झाली, फोटोसकट पहिल्या पानावर आली. काही वर्षांनी तो निर्दोष सुटला. ती बातमी आली तर आत, चार ओळी. यात चूकदुरुस्ती कशाची करणार? पोलिसांनी सांगितलं असं छापलं होतं, आणि पोलिसांनी तसं सांगितलंच होतं. एकेक वाक्य तपासा, सगळं बरोबर. आता तो माणूस नोकरीसाठी अर्ज करतो, तेव्हा समोरचा आधी त्याचं नाव फोनवर टाकून बघतो. त्या चार ओळींपर्यंत कोण खाली सरकत जातं?