नळदुर्गची सहल आणि ओम्नीच्या उचक्या

या सहलीत गाडीला पहिली उचकी लागली ती शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडल्यावर. बायको म्हणाली, "कुणीतरी आठवण काढतंय." काढत असेल तर तो आमचा गॅरेजवालाच. निघायच्या आदल्या आठवड्यात त्याने प्लग, प्लगच्या वायरी आणि कॉइल असं ठिणगी पाडणारं सगळं सामान नवं बसवून दिलं होतं. दुखणं मात्र जागच्या जागी.

गाडी 1998ची कार्बोरेटरवाली ओम्नी. 796 सीसी, तीन सिलेंडर, इंजिन थेट बुडाखाली. मागे फोल्डिंगचा पलंग, शेगडी, पाण्याचा जार. बेत साधा होता: संभाजीनगरहून बीड, तुळजापूर, नळदुर्ग. साठच्या वेगात नीट चालता चालता तिचा दम कोंडायचा, दोन-चार झटके द्यायची आणि मग काही झालंच नाही अशी पळायची. कधी पंधरा मिनिटांनी पुन्हा, कधी दीड तास नाव नाही. गॅरेजच्या दारात तर कधीच नाही.

गेवराईजवळ बाजूला घेतली. फेब्रुवारीची दुपार, पण आपल्याकडचं फेब्रुवारीचं ऊनही काय कमी नसतं. पेट्रोल गरम होऊन नळीतच वाफ धरत असेल, असं वाटून सीट उचलली, टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या फ्युएल पंपावर ओला फडका ठेवला. वीस मिनिटं थांबलो, पुढच्या पेट्रोल पंपावर हजाराचं पेट्रोल टाकलं आणि बीडपर्यंत एक झटका नाही. फडक्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. तिथेच फसलो.

दुसऱ्या दिवशी कंकालेश्वराचं दर्शन घेऊन निघालो आणि मांजरसुंब्याच्या घाटात गाडीने मान टाकली. मागे ट्रकांची रांग. वैतागून चोक अर्धा ओढला, तर गाडी सावरली! चोक ओढल्यावर हवा कमी होते, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्याने सुधारणा होत असेल तर इंजिन पेट्रोलला उपाशी आहे, ठिणगीचा दोष बहुधा नाही. फरक पायालाही कळतो. करंट तुटला की गाडी बटण बंद केल्यासारखी एकदम मरते आणि एकदम उठते. पेट्रोल कमी पडलं की ती हळूहळू ढेपाळते. ज्यांच्या गाडीला गॅस किट आहे त्यांनी गॅसवर चालवून बघावी. गॅसवर नीट चालली तर प्लग-कॉइलवर पैसे घालू नका. आमचे दोन हजार असेच गेले.

चौसाळ्याच्या अलीकडे टपरीवजा गॅरेज दिसलं. चाचांनी बॉनेट-बिनेट काही न बघता विचारलं, "झटके मारती तवा टाकीत तेल किती असतंय?"

मी गप्प. बायकोने पर्समधून वही काढली. महिनाभर ती प्रत्येक उचकीची वेळ, जागा आणि पेट्रोलचा काटा लिहीत होती. सात नोंदी, सातही वेळा काटा अर्ध्याच्या खाली. म्हणजे गेवराईला काम केलं ते फडक्याने नाही, त्या हजाराच्या पेट्रोलने.

"कॉइल बदलली तर माझा धंदा व्हईल, तुमचं काम न्हाई व्हायचं," चाचा म्हणाले. आधी त्यांनी टाकीचं झाकण उघडून बघितलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली असती तर टाकीची श्वासनळी तुंबलेली, पण तसं काही झालं नाही. मग चहा होईपर्यंत इंजिन गार होऊ दिलं, शेजारच्या बाकावरच्या बिडीवाल्याला लांब पिटाळलं आणि फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली. गाडी चालू करून रेस दिली तर नळीतून सोड्यासारखे बुडबुडे.

इथे मी आयुष्यात पहिल्यांदा शिकलो ती गोष्ट अशी. या गाडीत टाकी खाली आणि पंप इंजिनावर, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीवर असते. तिला चीर पडली तर पेट्रोल टपकेलच असं नाही. नळी हवा ओढते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. टाकी भरलेली असली की पंपाला कमी ओढावं लागतं आणि दोष झाकला जातो. घाटात इंजिन जास्त मागतं आणि तो उघडा पडतो. आमची नळी क्लिपच्या खाली चिरली होती, कडक होऊन. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे जुनी गाडी असेल तर सगळ्या नळ्या एकदा दाबून, वाकवून बघा. नवी घेताना इथेनॉलला चालणारी पेट्रोलचीच नळी मागा. पाण्याची नळी घालणारे महाभागही आहेत. नळी, क्लिपा, फिल्टर आणि मजुरी मिळून साडेपाचशे झाले.

गाडीचं असं सामान बीडमध्येच घेऊन ठेवा, पुढे बहुतेक दुकानं ट्रॅक्टर आणि दुचाकीची. तुळजापूरला मंगळवार-शुक्रवार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही. नळदुर्गचे नर-मादी धबधबे पावसाळ्यातले. आम्हाला कोरडा कातळ दिसला, पण बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल तेवढा बघायलाही जावं.

तुळजापूरला मुद्दाम पेट्रोल टाकलं नाही. वहीतली शेवटची नोंद: "नळदुर्ग. काटा पाव. काही नाही."