आईच्या सोबतीला माणूस कसे शोधले?

सांगलीत एकट्या राहणाऱ्या माझ्या आईकडे रोज दुपारी एक बाई सोबतीला येतात, हे कळले की परगावी नोकरी करणारे माझे बहुतेक परिचित एकच प्रश्न विचारतात: असे विश्वासाचे माणूस तुम्हांला मिळाले कुठे? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. मात्र उत्तराची सुरुवात 'कुठे'पासून होत नाही.

माणूस सोबतीला हवे की सेवेला, हे आधी ठरवावे लागते. सांगली-मिरजेत रुग्णालये पुष्कळ, त्यामुळे बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीवर माणसे पुरवणारे ब्युरोही आहेत. पण ती व्यवस्था मुख्यतः आजाऱ्यांसाठी असते. एक बाई रजेवर गेली की ब्युरो दुसरी पाठवतो. रुग्णाला ती सोय वाटते, परंतु गप्पांसाठी आसुसलेल्या माणसाने दर थोड्या दिवसांनी नव्या चेहऱ्याला आपल्या घराची हकिगत पहिल्यापासून सांगायची, ही शिक्षाच होय. माझी आई निवृत्त शिक्षिका. स्वयंपाक, औषधे, देवपूजा सगळे स्वतः करते. तिचे फोन यायचे ते दुपारची झोप झाल्यावर आणि मालिका सुरू होण्यापूर्वी. प्रश्न तेवढ्याच वेळेचा आहे हे लक्षात आले आणि शोध सोपा झाला, कारण रात्री मुक्कामाला राहू शकणाऱ्या बायका थोड्या, पण दुपारचे तीन तास मोकळे असलेल्या आणि चार पैसे मिळाले तर हवे असलेल्या पन्नाशीच्या बायका आसपासच असतात.

जाहिरात आम्ही दिली नाही. आई जिथे आधीपासून जात होती तिथेच, म्हणजे भजनी मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात आणि वाचनालयात विचारले. अशा ठिकाणी शिफारस करणाऱ्याचीही अब्रू गुंतलेली असते. भजनी मंडळातून कळलेल्या या बाई पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांची मुलाखत आईने घेतली. मी फोनवरही नव्हतो. त्यांच्याआधी आलेल्या एकीला तिने नकार दिला आणि कारण सांगितले, "ती माझ्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलते." मला ते पूर्णपणे पटले.

पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, आधारची प्रत आणि छायाचित्र घरात ठेवावे, यात संकोच नको. तरीही कागद माणसाचा भूतकाळच सांगतो. पुढची काळजी घराच्या व्यवस्थेनेच घ्यावी लागते. आमच्याकडे पैशांचा कोणताही व्यवहार या बाईंकडे नाही. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिलेल्या आहेत आणि निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण' या सरकारी डिजिटल सेवेमुळे घरबसल्या देता येतो. त्यामुळे एटीएम कार्ड, पिन किंवा ओटीपी तिसऱ्या माणसाला सांगण्याची वेळच येत नाही. दागिने लॉकरमध्ये आहेत. मोहाची वस्तू समोर ठेवून एखाद्या गरजू बाईचा प्रामाणिकपणा तपासत बसणे मला अन्यायाचे वाटते. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. या बाई आईच्या सोबतीण आहेत, माझ्या हेर नव्हेत. म्हणून पगार आई स्वतःच्या हाताने, स्वतःच्या निवृत्तिवेतनातून देते. मी देऊ शकत असूनही देत नाही. आईला भोवळ आली, ती पडली, तर लगेच मला कळवायचे, एवढेच त्यांच्याशी ठरले आहे. ती काय बोलली, कोणावर चिडली, गोड किती खाल्ले, हे मी विचारत नाही. घरात कॅमेरा लावण्याचा आग्रह एका नातेवाइकांनी धरला होता (पगारी माणूस ठेवावे लागते याबद्दलही तेच हळहळले होते), परंतु आईने नको म्हटल्यावर तो विषय संपला. मनातले बोलायला माणूस आणायचे आणि त्यावर पहारा बसवायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

पगार ठरवताना दुपारच्या तीन तासांचाच हिशेब करू नका. येण्याजाण्याचा वेळ धरावा, आठवड्याची एक सुट्टी पगारी असावी, दिवाळीला बोनस द्यावा आणि त्या माहेरी गेल्या तर त्या दिवसांत कोण येणार, हे पहिल्याच दिवशी आईसमोर बोलून घ्यावे. आमच्याकडे अशा वेळी त्यांची जाऊ येते, आणि तिलाही आईनेच पसंत केले आहे.