आईची मूठ

शनिवार, रात्री साडेअकरा

आज प्रमाणपत्र हातात आलं. पाककलेचा सहा महिन्यांचा बेसिक कोर्स, रोज दुपारी दोन ते सहा. वय ४७. नाव नीट छापलंय ना, हे तीनदा वाचून पाहिलं.

पहिले पंधरा दिवस नुसती सुरी. मी जन्मभर विळीवर चिरलं. विळीवर पातं स्थिर असतं, भाजी पुढे सरकते. इथे सगळं उलटं. भाजी जागेवर, पातं चालतं, आणि डाव्या हाताची बोटं आत वळवून पेरांच्या आधाराने सुरी फिरवायची. गाजराचं ज्युलियन म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या काड्या. त्याच आडव्या कापल्या की चिमुकले चौकोन, ब्रुनॉइज. शेफ पट्टी लावून मोजायचे. तुकडे सारखे असले की सगळे एकाच वेळी शिजतात. माझ्या भाजीत एक बटाटा विरघळलेला आणि दुसरा करकरीत का असायचा, ते इतक्या वर्षांनी उमगलं.

मदर सॉस, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीचे सॉस बनतात ते, पाच. त्यातल्या बेशामेलची, म्हणजे दुधाच्या पांढऱ्या सॉसची, भीती वाटली नाही. लोणी आणि मैदा समान वजनाचे घेऊन परतायचे, मग दूध थोडं थोडं ओतत घोटायचं. पिठलं घोटलेल्या हाताला गुठळ्या मोडता येतात. बलक आणि लोण्याचं हॉलंडेझ मात्र दोनदा फाटलं. अंड्याचा बलक ६५ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, त्याहून फार तापला की दाणे धरतो. लोणी घाईने ओतलं तरी फाटतं. शेफनी दुसऱ्या भांड्यात नवा बलक घ्यायला लावला आणि फाटलेला सॉस त्यात थेंब थेंब घालून फेटायला सांगितलं. सॉस जुळून आला. तेव्हा मला कढी आठवली. ती फुटू नये म्हणून आई बेसन लावते, आच मंद ठेवते आणि ढवळणं सोडत नाही. त्यामागचं कारण तिला कुणी सांगितलेलं नाही, पण हाताला पक्कं ठाऊक आहे.

घरातली एक सवय त्याच आठवड्यात मोडली. ५ ते ६० अंश हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा, त्यात जिवाणू भराभर वाढतात. सकाळची आमटी आता रात्रीपर्यंत ओट्यावर राहत नाही.

शेवटच्या परीक्षेला घरचा एक पदार्थ वजनमापासकट लिहून, करून दाखवायचा होता. मी आईची चिंचगुळाची आमटी घेतली. साताऱ्याला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, चार माणसांना चार मुठी डाळ. त्यात काय लिहायचं?" मग मीच गेले, वजनकाटा घेऊन. तिला तूरडाळीची मूठ तीनदा भरायला लावली. ४२ ग्रॅम. ४१. पुन्हा ४२. मी काट्याकडे बघतच राहिले. गूळ, चिंच, गोडा मसाला, सगळं तिच्या हातून मोजून घेतलं. वहीत पहिली ओळ लिहिली: तूरडाळ १६८ ग्रॅम.

आज ती इथेच आहे, मुद्दाम आली. चष्मा लावून प्रमाणपत्र अक्षर अक्षर वाचलं, पदराने काच पुसली. मग म्हणाली, "काटा काढ बघू. आता तू भर मूठ."

माझी ३६ भरली.

आईने डब्यात हात घातला आणि चिमटी चिमटी डाळ माझ्या तळहातावर ठेवत गेली, काट्याकडे न बघता.